मुहूर्ताचा लॉट

मेलेलं टायर चिरायचं आणि ते कशानं मेलं ते कागदावर लिहायचं, हे उज्ज्वला तुपेचं काम. वाळूजच्या ‘महाचक्र’ कारखान्यात ती गुणवत्ता विभागाची प्रमुख होती आणि या धंद्यात तिला बावीस वर्षं झाली होती. खिळ्यानं गेलेलं, भारानं फाटलेलं, कमी हवेवर पळवून भाजून निघालेलं, कुठलंही टायर समोर टाका, ती नुसता हात फिरवून सांगायची. गाडी मालक चालवत होता की मालकाचा मेहुणा, हेसुद्धा मॅडमना कळतं, अशी लॅबमध्ये थट्टा चालायची.

पण २०४३ च्या चैत्रात आलेल्या तीन टायरांनी तिची मती गुंग केली. तिन्ही उंच एसयूव्ही गाड्यांची, तिन्ही मागच्या चाकांची, आणि तिन्हींची तऱ्हा एकच. रस्त्याला टेकणारा जाड पट्टा आतल्या पोलादी जाळीपासून अख्खाच्या अख्खा सुटून आलेला. पहिल्या गाडीतले लोक हातपाय मोडून का होईना, वाचले. दुसऱ्या गाडीतले एक निवृत्त मास्तर गेले. तिसरी गाडी बीडच्या रस्त्यावर तीन कोलांट्या खाऊन शेतात पडली आणि तिच्यातलं कुणीच दवाखान्यापर्यंत पोचलं नाही. या उंच गाड्यांचं असंच आहे. बसायला ऐटबाज, त्यात बॅटरीचं सगळं ओझं टायरांवर. ऐन वेगात मागचं टायर सुटलं की ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो, गाडी आडवी होते.

आता हे टायर काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. टायरचं नाव ‘अक्षय’. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. जुन्या टायरात या साखळ्या गंधकानं एकमेकींना कायमच्या टाचलेल्या असत. टाका उसवला की उसवला, तो पुन्हा जुळत नसे. ‘अक्षय’मध्ये शास्त्रज्ञांनी साखळ्यांना जागोजागी बारीक हात बसवले आणि दोन हातांच्या मधे जस्ताचा एकेक कण धरायला दिला. फुगडी घालणाऱ्या बायका हात सोडतात आणि पुन्हा धरतात, तसे हे हात. चाक तापलं की पकड सैल होते, शेजारचा हात सापडला की परत घट्ट. खिळा उपसून काढला की दहा मिनिटांत भोक आपोआप मिटतं. टायरात बसवलेली चिप रबरातून अगदी मंद वीज सोडून बघते आणि सगळं जागच्या जागी असलं की गाडीच्या पडद्यावर ‘तब्येत १००’ असं दाखवते.

लोक खूश झाले. सहा-सात वर्षांत रस्त्याकडेची पंक्चरची दुकानं उठली, गाड्यांमधली स्टेपनी गेली, निघताना चाकाला लाथ मारून बघायची सवयही गेली. सरकारनं नियम केला, की चिपचा आकडा हाच पुरावा. टायरच स्वतःच्या तोंडानं तब्येत सांगतंय म्हटल्यावर माणसाला विचारतो कोण? या तिन्ही टायरांचा शेवटचा आकडा १०० होता. त्यामुळे पहिल्या दोन अपघातांत ड्रायव्हरला डुलकी लागली असं लिहून कंपनीच्या वकिलांनी फाइल मिटवली होती.

उज्ज्वलाला हे पटत नव्हतं. शुक्रवारी दुपारी तिनं तिसऱ्या टायरची जाळी भिंगाखाली घेतली. पोलादी तारांवर पितळेचा मुलामा असतो, म्हणून त्या पिवळसर दिसतातच. पण हा पिवळा काही वेगळाच वाटला. तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तारेवर फिरवला. बोळा पिवळा झाला. पितळ काही कापसाला लागत नाही. ती बोळा हातात धरून बेसिनपाशी गेली आणि त्यावर हात धुवायच्या साबणाचं पाणी सोडलं. बोळा लालभडक झाला.

हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे कुठल्या पुस्तकात शिकावं लागत नाही. हळदीच्या कार्यक्रमातलं पातळ ज्या बाईनं घरी धुतलंय, तिला ते ठाऊक असतं. उज्ज्वला टेबलापाशी परत आली. टायरच्या बाजूवर छापलेला लॉट नंबर तिनं वाचला. गेल्या वर्षीचा आश्विन, दसऱ्याचा आठवडा. ही हळद तिथं कशी गेली हे तिला शोधावं लागणार नव्हतं.

गेल्या खंडेनवमीला कारखान्यात नवं मशीन बसलं होतं. पोलादी जाळीवर रबराचा पातळ थर चढवणारं, काचेच्या बंद हॉलमधलं. हॉलमधली हवा सुकी ठेवायला एक वेगळं यंत्र होतं, ते तीच ती हवा ओढून, सुकवून परत सोडायचं. आत धूळ नको, ओल नको, पूजा करायची तर दाराबाहेर, असा लेखी नियम होता आणि नियमाखाली सही उज्ज्वलाचीच होती.

पण गोरखनाना वाघ होते. सगळ्यात जुने ऑपरेटर, जवळच्याच सातारा गावच्या खंडोबाचे पिढीजात भक्त, डिसेंबरात निवृत्त होणार होते. नव्या मशीनपुढं काचेबाहेर ताटकळत ते म्हणाले, “मॅडम, बत्तीस वर्षं मशीनच्या पाया पडूनच कामाला हात लावला. ह्याला बाहेरनं नमस्कार करायचा? पाहुणा हाय का त्यो आपल्या घरचा?”

मागं दीडशे माणसं उभी होती. खंडेनवमीला वर्षातून एकदा कामगारांच्या बायकापोरांना कारखाना बघायला मिळतो. सगळे नटूनथटून आलेले, सगळे मॅडमकडं बघत होते. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून उज्ज्वलानं आपलं कार्ड लावलं आणि दार उघडलं.

नानांनी रुळांना हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मग कमरेची पिशवी सोडली. पिशवीत भंडारा होता, खंडोबाची हळद. “येळकोट येळकोट, जय मल्हार” म्हणत त्यांनी मूठ उधळली, मग पिशवी पुढं केली. एकेकानं मूठ भरली. उज्ज्वलानंही भरली. हॉल पिवळाधमक झाला, पोरं खिदळली, फोटो निघाले. नंतर फरशी चांगली दोनदा पुसली. पण हवेत उडालेला भंडारा फरशीवर नव्हताच. तो सुकी हवा करणाऱ्या यंत्रानं ओढून घेतला होता आणि पुढचे कित्येक दिवस पिठासारखा बारीक करून जाळीवर परत सोडला होता.

शनिवारी सकाळपर्यंत तिची खात्री झाली. हळदीतला पिवळा रंग जस्ताला घट्ट धरतो. फुगडीच्या दोघींमधे तिसरीनं घुसून एकीचे हात पकडावेत आणि सोडूच नयेत, तसं. थंडीत काही बिघडत नाही. रबर सत्तर अंशांच्या वर तापलं, की जे हात सुटतात ते परत जुळत नाहीत, आणि थर पोलादापासून अलग व्हायला लागतो. वरचं रबर मात्र धड असतं. ते आपली चीर आपण मिटवून टाकतं, त्यामुळे बाहेरून ना फुगवटा, ना भेग, आणि चिप बघते तीही वरचंच. तिनं चांगल्या आणि वाईट टायरचा एकेक तुकडा रात्रभर भट्टीत ठेवला होता. चांगला तुकडा पकडीनंही सुटला नाही. वाईट तुकडा तिनं दोन बोटांनी सोलून काढला.

देखभालीच्या वहीत नोंदही सापडली. खंडेनवमीनंतर दहाव्या दिवशी हवेची गाळणी बदलली, शेरा ‘पिवळी धूळ’. म्हणजे नऊ दिवसांचा माल. अकरा हजार टायरं. आणि वैशाखाचं ऊन अजून यायचंच होतं.

आता खरी गोष्ट अशी, की हे सगळं थांबवायला उज्ज्वलाला कुणाची परवानगी लागत नव्हती. कायद्यानं प्रत्येक कारखान्याच्या गुणवत्ता प्रमुखाला एक अधिकार दिला होता. आपला सांकेतिक क्रमांक टाकायचा, लॉट नंबर टाकायचा, कारण लिहायचं आणि ‘रोखा’ म्हणायचं. त्या लॉटच्या प्रत्येक टायरची चिप जिथं असेल तिथं लाल होते आणि गाडी हळूहळू थांबते. पाच मिनिटांचं काम होतं. ती पाच मिनिटं तिनं पुढं ढकलली आणि आधी चिटणीस साहेबांकडं गेली.

चिटणीस कारखान्याचे प्रमुख. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी लाल बोळा बघितला, मग सोललेला तुकडा बघितला.

“कारणात काय लिहाल?” त्यांनी विचारलं.

“जे आहे ते.”

“खंडोबाच्या भंडाऱ्यानं माणसं मेली, असं? उज्ज्वलाताई, उद्या दुपारपर्यंत गेटवर पाच हजार माणूस जमेल. देवाची बदनामी केली म्हणून. आणि त्याच्या आधी पोलीस गोरखनानांच्या घरी जातील. म्हाताऱ्याला या वयात खुनाचा ठपका सहन होईल? दार तुमच्या कार्डानं उघडलंय. तेही नोंदलेलं आहे.”

“मला माहीत आहे.”

“मी काही करायचं नाही म्हणत नाही. पुण्याच्या चिपवाल्या लोकांना सांगून चिपमधून वेगाला लगाम घालतो. साठच्या वर गाडी जाणारच नाही. टायर तापायचं नाही. दहा दिवस द्या मला. बोभाटा न होता काम होईल.”

त्या दहा दिवसांत ऊन थांबणार नव्हतं, हे उज्ज्वलाला कळत होतं. पण तिला नाना दिसत होते, त्यांच्याबरोबर पोलिसांच्या गाडीत चढणारी ती स्वतः दिसत होती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची हे मनाला पटवणं फारसं जड गेलं नाही. तिनं मान डोलावली. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं.

जिन्यावरून उतरताना मात्र तिला भाऊबीज आठवली. महाचक्रमध्ये एक जुनी रीत होती. नव्या मशीनवर मुहूर्ताला निघालेली पहिली टायरं कामगारांनी आपापल्या घरी न्यायची. देवाचा हात लागलेला माल म्हणून त्यासाठी नावं लागायची, भांडणं व्हायची. उज्ज्वलानं गेल्या वर्षी हट्टानं चार घेतली होती आणि भाऊबीजेला आपल्या भावाला दिली होती. “ओवाळणी दरवर्षी तूच देतोस, यंदा मी घालते,” असं म्हणाली होती. तीच चार टायरं आज सोपानच्या गाडीला होती.

सोपान ढवळे तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो पाचवीत होता. त्याचं दप्तर, त्याचा डबा, त्याचं लग्न, सगळं उज्ज्वलानं केलं. तिचा स्वतःचा संसार चार वर्षांतच मोडला, तेव्हा हे एवढंच घर तिला उरलं. सोपान, त्याची बायको मयूरी आणि सहा वर्षांची गार्गी. सोपान आपली एसयूव्ही भाड्यानं फिरवायचा. कधी नागपूर, कधी लातूर, लग्नसराईत तर घरी टेकायचा नाही. शिवाय मराठवाड्यातल्या चार हजार ड्रायव्हरांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, तो सोपानच चालवायचा.

रविवारी सकाळी ती त्याच्या घरी गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. मयूरीनं कैरीचं पन्हं आणून ठेवलं आणि म्हणाली, “ताई, वाळलात किती. जेवता का नुसती टायरंच खाता?”

सोपान मोबाईलवर कुणा ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. बोलता बोलता त्यानं दोन बोटांनी मेसेज चार हजार माणसांना पाठवून दिला. उज्ज्वला ते बघत राहिली. याला सांगितलं की तासाभरात सगळ्यांना कळणार. मग गेट, पोलीस, नाना, आणि ती. तिच्या तोंडाशी आलेले शब्द मागं फिरले.

“सोपान, एक सांगते, ऐकशील?”

“सांग की.”

“पैठणच्या जोशीबुवांना तुझी पत्रिका दाखवली परवा. पुढचे आठ दिवस तुला प्रवास वाईट आहे म्हणाले. गाडीवर बसू नकोस.”

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई हे बोलत होती, आणि तिला ठाऊक होतं की हेच चालेल. सोपान दर अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधायचा. मयूरी पदरात तोंड घालून हसली. “ताई, तुम्हीसुद्धा?” म्हणाली. सोपान मात्र हसला नाही. त्यानं मोबाईल खाली ठेवला.

“दोष मला हाय का गाडीला?” त्यानं विचारलं.

प्रश्न सरळ होता. पण गाडीचं नाव निघालं की चाकांचं निघेल, चाकांचं निघालं की सगळंच निघेल.

“तुला रे,” ती घाईनं म्हणाली. “गाडीला काय होतंय?”

“मंग ठीक,” सोपान म्हणाला. “आठ दिवस हात लावत नाही. तू म्हणलीस म्हणजे झालं.”

घरी परतताना ती शांत होती. आठ दिवसांत नवी टायरं आणू, काहीतरी निमित्त काढून बदलून टाकू, असा हिशेब तिनं मनाशी केला. बाकीच्या गाड्यांचं काय, हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि चिटणीस साहेब बघताहेत ना, या उत्तरावर तिनं तो परत पाठवला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

बुधवारी बेचाळीस अंश ऊन होतं. दुपारी पावणेतीनला लॅबमधला फोन वाजला. जालन्याच्या पुढं, सिंदखेडराजाच्या अलीकडं अपघात झाला होता, मागचं डावं टायर, पट्टा सुटलेला, नमुना घ्यायला माणूस पाठवा, असा निरोप होता. उज्ज्वलानं सवयीनं वहीत गाडीचा नंबर लिहून घेतला. लिहून झाल्यावर तिनं तो वाचला.

तिला वाटलं, सोपान गेला. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात ती कशी पोचली, कुणी नेलं, तिला नंतर आठवलं नाही. आवारात लिंबाच्या झाडाखाली गर्दी होती आणि गर्दीत सोपान जमिनीवर बसलेला होता. धडधाकट, अंगावर ओरखडाही नाही. “अरे देवा, वाचलास,” असं म्हणत तिनं त्याला मिठी मारली. त्याचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

“मी नव्हतो गाडीत, ताई,” तो म्हणाला. “मयूरी होती.”

मेहकरच्या लग्नाचं भाडं महिनाभर आधी ठरलेलं होतं. पाच बायका, ऐन वेळी दुसरी गाडी मिळेना. दोष सोपानला होता, गाडीला नव्हता. मयूरीकडं लायसन्स होतं, गावातल्या गावात ती गाडी चालवायची, हात चांगला बसला होता. पडद्यावर चारी टायरांची तब्येत १०० दिसत होती. सकाळी निघताना ती म्हणाली होती, तुमचे ग्रह तुमच्यापाशी, माझे चांगले आहेत. मयूरी गेली, आणि पाचांपैकी दोन बायका गेल्या.

उज्ज्वला तिथून उठली, कारखान्याच्या गाडीत जाऊन बसली आणि लॅपटॉप उघडला. तिनं आपला सांकेतिक क्रमांक टाकला, लॉट नंबर टाकला. पडद्यावर अक्षरं आली, ‘आपला अधिकार तूर्त स्थगित आहे.’ तिनं तीनदा टाकून बघितलं. मग चिटणीसांना फोन लावला.

“तुमच्या घरातलं माणूस गेलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “अशा वेळी निर्णय तुमच्यावर सोडता येत नाही, नियमच आहे तसा. तुम्ही घरी थांबा. वेगाच्या लगामाचं काम चाललंय. मला फार वाईट वाटतंय, उज्ज्वलाताई.”

त्यांना खरंच वाईट वाटत असावं. त्यानं कुणाचं काय भलं होणार होतं? तिनं टायर नोंदणीच्या दिल्लीच्या कार्यालयाला लिहिलं. तिथून तासाभरात उत्तर आलं, की सदर लॉटच्या सर्व चिपा १०० दाखवत असून तक्रारीत तथ्य आढळत नाही.

शुक्रवारी सकाळी राख सावडून माणसं परत आली. उन्हं व्हायच्या आत पांगलीही. गार्गी शेजारच्यांकडं होती. ओसरीवर सोपान भिंतीला टेकून बसला होता, समोर उज्ज्वला. तीन दिवसांत तो एकदाही रडला नव्हता.

“ताई,” तो म्हणाला, “जोशीबुवांना सांग, तुमचं खरं झालं म्हणावं.”

मग तोच पुढं बोलला.

“माझ्यावर होतं ते. मला आधी कळलं होतं, तरी मी तिला पाठवली. माझं मरण मी तिच्या हातात दिलं, चावी दिल्यासारखं. गार्गी मोठी झाल्यावर विचारील, तर काय सांगू मी तिला?”

त्याच्या डोळ्यात बघवत नव्हतं. उज्ज्वलाला कळलं, की आपण गप्प बसलो तर हा जन्मभर असाच बसून राहील, याच भिंतीला टेकून, बायकोला आपणच मारलं असं मानून. आणि सांगितलं, तर आपल्याला हे घर उरणार नाही. तीन दिवस तिला वाटत होतं की यावर विचार करावा लागेल. विचार करायला काही नव्हतंच.

“मी जोशीबुवांकडं गेलेच नव्हते, सोपान.”

त्यानं मान वर केली.

“पत्रिका दाखवली नाही. दोष तुला नव्हता, टायरला होता. मी दिलेल्या टायरला.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. खंडेनवमी, कार्ड, भंडारा, लाल झालेला बोळा, चिटणीस, दहा दिवस. कुठंही स्वतःची बाजू घेतली नाही.

सोपान ऐकत होता.

“तुला कधी कळलं?” सगळं झाल्यावर त्यानं विचारलं.

“आज आठ दिवस झाले. शुक्रवारी.”

“अन् रविवारी तू इथं येऊन पन्हं प्यालीस.”

“हो.”

“ती तुझ्यासमोर उभी होती.”

“हो.”

उज्ज्वलाला वाटलं, आता हा उठेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. तो हलला नाही.

“किती गाड्या हैत असल्या?” त्यानं विचारलं.

“टायरं अकरा हजार निघाली. गाड्या तीनेक हजार असतील. बहुतेक इकडच्याच.”

“तुला बंद करता येतात ना? तूच सांगायचीस.”

“माझा अधिकार काढून घेतला. बुधवारी, जालन्यातच प्रयत्न केला.”

“बुधवारी,” सोपान म्हणाला.

त्यानं खिशातून मोबाईल काढला. ड्रायव्हरांचा ग्रुप उघडला. त्यावर मयूरीसाठी आलेले श्रद्धांजलीचे मेसेज भराभर खाली सरकत होते. ते संपेपर्यंत तो थांबला नाही.

“नंबर सांग,” तो म्हणाला. “सावकाश. चूक नको व्हायला.”

तिनं पहिल्या दिवसाचा लॉट नंबर सांगितला, मग शेवटच्या दिवसाचा. त्यानं टाइप केले, परत वाचून दाखवले. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. हे नंबर टायरच्या बाजूवर छापलेले आहेत, उतरून बघा. सापडले तर गाडी जिथं असेल तिथं उभी करा. पडदा १०० दाखवील, त्याचं ऐकू नका. संध्याकाळची वाट बघू नका.

“कारण विचारतील लोक.”

“लिही. आम्ही मशीनवर भंडारा उधळला. तो आत गेला. दार मी उघडलं होतं. गोरखनानांचं नाव लिहू नकोस.”

त्यानं तसंच लिहिलं.

“खाली सांगणाराचं नाव लागतं,” तो म्हणाला, “नाहीतर लोक वाचून सोडून देतात.”

“उज्ज्वला तुपे. गुणवत्ता प्रमुख, महाचक्र.”

सोपाननं नाव टाइप केलं, हुद्दा टाइप केला. मग अंगठा तसाच वर धरून तो थोडा थांबला. आपली बहीण आहे हे तो लिहील, असं तिला वाटलं. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना मग ते लगेच खरं वाटलं असतं. त्यानं ते लिहिलं नाही, आणि तिनंही लिही म्हटलं नाही.

“पाठवू?” त्यानं विचारलं.

“पाठव,” ती म्हणाली, आणि उठून चपला घालायला गेली.